कलर प्रिंटवरचे पिवळे ठिपके: प्रिंटर तुमच्या पानावर काय लिहून ठेवतो?

आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर एकदा निनावी पत्र लागलं होतं. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा हिशेब मागणारं, नीट टाइप केलेलं, मध्ये रंगीत तक्ता. प्रश्न रास्त होते. पण पुढचे आठ दिवस जिन्यात आणि पार्किंगमध्ये चर्चा झाली ती एकाच गोष्टीची: हे लावलं कोणी? हस्ताक्षर नाही, सही नाही, पाकीट नाही. तेव्हा तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, "कलर प्रिंट आहे ना? मग प्रिंटरवरून माणूस सापडतो." कोणालाच ते पटलं नाही. मलाही नाही.

काका बऱ्याच अंशी बरोबर होते, हे मला नंतर वाचताना कळलं. अनेक कलर लेझर प्रिंटरमधून निघणाऱ्या पानावर, तुम्ही न मागता, बारीक पिवळे ठिपके छापले जातात. त्या ठिपक्यांत यंत्राचा अनुक्रमांक असतो, आणि काही यंत्रांत पान कोणत्या तारखेला, किती वाजता छापलं तेही असतं. गेली वीस वर्षं ही गोष्ट उघड आहे. तरीही कलर झेरॉक्सच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या दहा जणांना विचारलं, तर एखाद्यालाच ती माहीत असेल. अधूनमधून याबद्दल मोबाइलवर फॉरवर्ड येतात, पण त्यांत निम्मं खरं आणि निम्मं भीती घालणारं असतं. म्हणून मुळापासून सांगतो.

ठिपके कसे असतात आणि दिसत का नाहीत

लेझर प्रिंटरमध्ये ओली शाई नसते, कोरडी पूड असते. तिला टोनर म्हणतात. कलर लेझर प्रिंटरमध्ये चार रंगांची पूड असते: काळी, आकाशी, किरमिजी आणि पिवळी. बाकीचे सगळे रंग या चारांच्या मिश्रणातून तयार होतात. पान छापलं जात असताना यंत्राच्या आतला प्रोग्राम तुमच्या मजकुराबरोबर पिवळ्या पुडीचे ठिपके आपणहून पेरतो. एकेक ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा. शेजारच्या दोन ठिपक्यांत साधारण एक मिलिमीटर अंतर. या ठिपक्यांची एक ठरावीक मांडणी असते आणि तीच पानभर पुन्हा पुन्हा उमटते, ए-फोर कागदावर दीडशेच्या आसपास वेळा. त्यामुळे पानाचा कोपरा फाडून किंवा खालचा भाग कापून काही साधत नाही. उरलेल्या तुकड्यावर पूर्ण खूण शिल्लक असते.

रंग पिवळाच का, याचं उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. पांढऱ्या कागदावरून तांबडा, हिरवा आणि निळा असा तिन्ही तऱ्हेचा प्रकाश डोळ्यात येतो. पिवळा ठिपका त्यांतला फक्त निळा शोषून घेतो, बाकीचे दोन तसेच परत पाठवतो. आणि बारकावे टिपण्याच्या कामात आपल्या डोळ्याची निळ्याची बाजूच सर्वांत कमजोर असते. निळा ओळखणाऱ्या पेशी मुळात थोड्या, आणि आपण नजर रोखून पाहतो त्या नेमक्या मध्यबिंदूत तर जवळजवळ नाहीतच. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीच्या पाण्याचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब उडाला, तर तो कोणाच्या लक्षात येत नाही. तसंच हे.

हेच तत्त्व उलटं वापरलं की ठिपके दिसतात. खोलीत अंधार करायचा, पानाच्या कोऱ्या भागावर निळ्या एलईडीचा टॉर्च मारायचा आणि भिंगातून पाहायचं. निळा प्रकाश पिवळ्या ठिपक्यावर पडला की तो गिळला जातो, आणि ठिपका काळपट उठून दिसतो. टॉर्च नसेल तर पान सहाशे डीपीआयवर स्कॅन करून फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळा चॅनेल उघडायचा. प्रत्येक यंत्राच्या पानावर ते सापडतीलच असं नाही, पण जिथे असतात तिथे पहिल्यांदा दिसल्यावर अंगावर काटा येतो. आपण कोरा समजत होतो तो कागद भरलेला असतो.

हा प्रश्न कलर लेझर यंत्रांचा आहे, म्हणजे ऑफिसातली मोठी मशिनं आणि कलर झेरॉक्सच्या दुकानांतली यंत्रं. घरोघरी असतात ते इंकजेट किंवा इंक टँक प्रिंटर आणि फक्त काळं छापणारे लेझर प्रिंटर या पिवळ्या ठिपक्यांसाठी ओळखले जात नाहीत. मात्र कलर लेझरवर छापलेलं पान काळ्या अक्षरांचं दिसतंय, म्हणून त्यावर ठिपके नसतील, असं धरून चालू नका.

ही रांगोळी वाचायची कशी

ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला हे चटकन समजेल. झेरॉक्स कंपनीच्या डॉक्युकलर मालिकेतल्या यंत्रांवर पंधरा उभ्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीत आठ जागा. रांगोळीत सगळे ठिपके भरतात, इथे मात्र काही जागा भरलेल्या आणि काही रिकाम्या. अर्थ आहे तो कुठली जागा भरली यात.

भाजीवालीकडे १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ अशी सात वजनं आहेत असं समजा. प्रत्येक वजन पारड्यात एकदाच टाकायचं. २१ तोलायचे तर १६, ४ आणि १ टाकलं की झालं. या सात वजनांनी ० पासून १२७ पर्यंत कुठलाही आकडा तोलता येतो, आणि प्रत्येक आकडा एकाच पद्धतीने. उभ्या ओळीतल्या सात जागा म्हणजे ही सात वजनं. ठिपका असेल तर ते वजन पारड्यात आहे, नसेल तर नाही. एक उभी ओळ मिनिटांची, एक तासाची, एक दिवसाची, एक महिन्याची, एक वर्षाची. पुढच्या काही ओळींत यंत्राचा अनुक्रमांक, प्रत्येक ओळीत दोन-दोन अंक.

सॅन फ्रान्सिस्कोच्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने २००५ साली हा कोड उलगडून जाहीर केला. त्यांनी उदाहरण म्हणून दिलेलं पान २१ जून २००५ रोजी दुपारी १२ वाजून ५० मिनिटांनी छापलेलं होतं. दिवसाच्या ओळीत १६, ४ आणि १ च्या जागी ठिपके. मिनिटांच्या ओळीत ३२, १६ आणि २. तासाच्या ओळीत ८ आणि ४.

मग आठवी जागा कशाला? ती पडताळणीसाठी. प्रत्येक ओळीतल्या ठिपक्यांची संख्या विषम यावी, असा नियम आहे. दिवसाच्या ओळीत तीन ठिपके आहेतच, म्हणून आठवी जागा रिकामी. तासाच्या ओळीत दोनच आहेत, म्हणून तिथे एक ठिपका जास्तीचा. आपल्या आधार क्रमांकाचा शेवटचा अंक जसा आधीच्या अकरा अंकांची पडताळणी करतो, तसंच काम. कागदावर डाग पडला, घडी आली, एखादा ठिपका पुसला गेला, तरी वाचणाऱ्याला चूक पकडता येते. ज्याने हे आखलं त्याने कागद चुरगळणार, मळणार, हे गृहीत धरूनच आखलं आहे.

हा कोड त्या संस्थेने एकटीने सोडवला नाही. लोकांनी आपापल्या प्रिंटरची नमुना पानं पाठवली, कोणत्या यंत्रावर, केव्हा छापली ते कळवलं, आणि त्यांची तुलना करत करत उलगडा झाला. पुढे २०१८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन तांत्रिक विद्यापीठाच्या संशोधकांनी १४१ प्रिंटरवरची १,२८६ पानं तपासली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मांडण्या वेगवेगळ्या निघाल्या. या संशोधकांनी ठिपके वाचणारं आणि त्यांच्यावर आणखी ठिपके टाकून ते निरर्थक करणारं सॉफ्टवेअरही सर्वांसाठी मोफत खुलं केलं. हे त्यांनी मुद्दाम केलं, आणि मला ते महत्त्वाचं वाटतं. खूण कशी वाचायची हे फक्त कंपनीला आणि पोलिसांना ठाऊक असावं, सामान्य माणसाला नसावं, ही विषमता त्यांनी मोडली.

सुरुवात नोटांपासून झाली

मराठीत 'झेरॉक्स' हे कंपनीचं नाव उरलेलंच नाही, ते छायाप्रतीचं नाव झालं आहे. "दोन झेरॉक्स काढून आण" असं आपण म्हणतो तेव्हा यंत्र कोणत्या कंपनीचं, याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. पण या ठिपक्यांच्या गोष्टीत खरी झेरॉक्स कंपनी आहे. १९८०च्या दशकात रंगीत छायाप्रत काढणारी यंत्रं बाजारात येऊ लागली, तेव्हा सरकारांना धास्ती वाटली की आता कोणीही उठून नोटा छापेल. ही धास्ती दूर करण्यासाठी झेरॉक्स आणि कॅनन या कंपन्यांनी यंत्रातच ओळखखूण बसवण्याची युक्ती काढली. बनावट नोट सापडली, की तिच्यावरचे ठिपके वाचून यंत्र शोधायचं.

सर्वसामान्य लोकांना याचा पत्ता लागला तो २००४ मध्ये. नेदरलँड्समधल्या तपास यंत्रणांनी बनावट नोटा छापणाऱ्यांचा माग कलर लेझर प्रिंटरच्या खुणेवरून काढल्याची बातमी आली, आणि त्याच सुमारास झेरॉक्सच्या एका संशोधकाने अमेरिकन संगणक मासिकाशी बोलताना ही पद्धत जवळजवळ वीस वर्षांपासून वापरात असल्याचं सांगितलं. म्हणजे एक संपूर्ण पिढी या यंत्रांवर छापत होती, आणि आपल्या पानावर दुसरं कोणी लिहितंय हे तिला माहीत नव्हतं.

अमेरिकेत कंपन्यांनी असे ठिपके छापलेच पाहिजेत असा कायदा नाही. कंपन्या आणि सरकारी यंत्रणा यांच्यातल्या समजुतीवर हे चालत आलं. कायदा झाला असता तर संसदेत चर्चा झाली असती, वर्तमानपत्रांत आलं असतं, कोणीतरी न्यायालयात गेलं असतं. समजुतीला यातलं काहीच लागत नाही.

२०१७ सालची ती केस, नीट वाचली तर

या विषयावर कुठेही वाचलं तरी रिॲलिटी विनर हे नाव येतंच. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेसाठी कंत्राटी काम करणारी पंचविशीतली तरुणी. अमेरिकन निवडणूक यंत्रणेवरच्या रशियन सायबर हल्ल्यांविषयीचा एक गोपनीय अहवाल तिने कामाच्या ठिकाणी छापला आणि द इंटरसेप्ट या वृत्तसंकेतस्थळाकडे टपालाने पाठवला. ५ जून २०१७ ला त्यांनी त्या पानांचं स्कॅन प्रसिद्ध केलं. काही तासांतच रॉबर्ट ग्रॅहम या संगणक सुरक्षा तज्ज्ञाने त्या स्कॅनमधले पिवळे ठिपके वाचून दाखवले: ९ मे २०१७, सकाळी ६ वाजून २० मिनिटं, आणि प्रिंटरचा अनुक्रमांक.

"ठिपक्यांनी तिला पकडून दिलं" असं यानंतर जगभर लिहिलं गेलं. तसं नाही. स्कॅन प्रसिद्ध होण्याच्या दोन दिवस आधीच तिला अटक झाली होती. खातरजमा करण्यासाठी पत्रकारांनी त्या पानांची प्रत सरकारला दाखवली. पानांवर घडीच्या खुणा होत्या, म्हणजे ती छापून बाहेर नेलेली. मग संस्थेने आपल्या संगणकातली नोंद काढली. तो अहवाल सहा जणांनी छापला होता, आणि त्यांतल्या एकीने ऑफिसच्या संगणकावरून त्याच संकेतस्थळाशी ईमेलने संपर्क केला होता. न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात पिवळ्या ठिपक्यांचा उल्लेखही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये तिला पाच वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली.

तिने केलं ते योग्य की अयोग्य, यावर मतं वेगळी असू शकतात. मला या केसमधून दोन गोष्टी दिसतात. एक, ऑफिसात छापताना ठिपक्यांच्या कितीतरी आधी ऑफिसचा संगणकच तुमची नोंद ठेवतो: कोणी, कोणती फाइल, कधी, किती पानं. दोन, पत्रकारितेत मुरलेल्या माणसांनाही स्कॅन जसंच्या तसं प्रसिद्ध करताना पानावरची खूण दिसली नाही. तोपर्यंत या ठिपक्यांची माहिती जाहीर होऊन बारा वर्षं झाली होती.

ठिपका यंत्र सांगतो, माणूस नाही

काका पूर्ण बरोबर का नव्हते, ते इथे कळतं. ठिपक्यांत तुमचं नाव नसतं, पत्ता नसतो. असतो तो यंत्राचा अनुक्रमांक. तिथून माणसापर्यंत जायचं तर साखळी जोडावी लागते: कंपनीने हे यंत्र कोणत्या वितरकाला दिलं, त्याने कोणत्या दुकानाला, दुकानाने बिल कोणाच्या नावावर फाडलं, वॉरंटीची नोंद कोणत्या मोबाइल नंबरवर झाली. सोसायटीचा सेक्रेटरी टॉर्च घेऊन हे शोधू शकत नाही. कंपनीकडची नोंद मागू शकणारी यंत्रणा शोधू शकते.

ही साखळी संपते तिथे बऱ्याचदा भलताच माणूस उभा असतो, याची मला जास्त काळजी वाटते. तहसील कचेरीसमोरचं कलर झेरॉक्सचं दुकान डोळ्यांसमोर आणा. दिवसाला शेकडो लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात, व्हॉट्सॲपवर फाइल पाठवतात, सुट्टे पैसे देऊन निघून जातात. त्यांतल्या एखाद्या पानावरून तपास सुरू झाला तर खूण बोट दाखवणार ते दुकानदाराकडे. यंत्र जुनं विकत घेतलेलं असेल तर आधीच्या मालकाकडे. शिवाय ठिपक्यांतली वेळ यंत्राच्या घड्याळातली असते, आणि ते कोणी चुकीचं लावलं असेल तर वेळही चुकीची. ठिपके तपासाला दिशा देऊ शकतात. पण "यंत्र खोटं बोलत नाही" असं म्हणून ते पुराव्याच्या जागी बसवले, तर निरपराध माणूस अडकायला वेळ लागणार नाही.

"पण बनावट नोटा छापणारे पकडायला नकोत का?"

पकडायलाच हवेत. नाशिक रोडच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात, त्या राज्यात राहणाऱ्यांना नोटेची किंमत वेगळी सांगायला नको. तेलगीच्या मुद्रांक घोटाळ्याने बनावट कागद काय करू शकतो, ते महाराष्ट्राने पाहिलंही आहे.

पण त्यासाठी दुसरा मार्ग आहे. युरोसह अनेक देशांच्या नोटांवर लहान वर्तुळांची एक विशिष्ट नक्षी असते. केंब्रिजचे संशोधक मार्कस कुन यांनी ती २००२ मध्ये उघड केली. अनेक रंगीत छायाप्रत यंत्रं ही नक्षी ओळखतात आणि नोटेची प्रत काढायलाच नकार देतात. या उपायात नोट छापू पाहणारा अडतो, बाकी कोणालाही झळ लागत नाही. पिवळे ठिपके मात्र नोट, लग्नाचं निमंत्रण, तक्रार अर्ज आणि पोराचा शाळेचा प्रकल्प यांत फरक करत नाहीत. गल्लीत चोरी होते म्हणून चोरी करणाऱ्याच्या दारावर पहारा बसवणं वेगळं, आणि प्रत्येक घराच्या चपलांना खूण करून ठेवणं वेगळं.

"माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही"

हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि तो घेणारी माणसं सरळमार्गीच असतात. त्यांना मी मतपेटीची आठवण करून देतो. आपण मत गुप्तपणे देतो ते चोरी करतो म्हणून नाही. कोणी बघत असेल तर मनासारखं मत देता येत नाही म्हणून.

निनावी कागदाची गरज ज्याला पडते तो बहुतेक वेळा दुबळ्या बाजूचा असतो. साहेबाच्या छळाची तक्रार करणारी कर्मचारी, ठेकेदाराच्या कामातली चोरी दाखवणारा कनिष्ठ अभियंता. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल थेट पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावासकट निरनिराळ्या कार्यालयांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये बिहारमधल्या गया शहरात त्यांची हत्या झाली. सीबीआयच्या तपासात ही लुटीतून झालेली हत्या ठरली. तरी नाव असं फिरलं याची चीड देशभर उमटली, आणि २००४ मध्ये केंद्र सरकारला तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवून तक्रार घेण्याची व्यवस्था ठरावाने करावी लागली. इथे पिवळ्या ठिपक्यांचा संबंध नव्हता. पण नाव उघड होण्याची भीती किती खरी असते, ते यातून दिसतं.

"मोबाइल तर सगळंच सांगतो, मग कागदाचं काय घेऊन बसलात?"

मोबाइल आपली माहिती गोळा करतो हे आता आपल्याला ठाऊक आहे. परवानगी मागणारी चौकट येते, आपण वाचत नाही, पण येते. लोकेशन बंद करायचं बटण असतं. प्रिंटरला असं बटण नाही, चौकट नाही. शिवाय मोबाइलपासून दूर राहायचं म्हणूनच तर माणूस कागदाकडे वळतो. "फोनवर नको, कागदावर देतो" असं आपण म्हणतो ते कागद मुका असतो या विश्वासाने.

उघड छाप आणि लपलेली छाप

छापणाऱ्याची ओळख कागदावर असावी, ही कल्पना आपल्याला नवी नाही. इंग्रजांनी १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर आणि वर्तमानपत्रावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण छापणं सक्तीचं केलं. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर तळाशी "येथे छापून प्रसिद्ध केले" असं बारीक अक्षरात येतं, ते तिथूनच आलेलं. त्याचा उपयोग कसा होत असे तेही आपल्या इतिहासात आहे. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या मजकुराबद्दल राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा टिळकांबरोबर मुद्रक म्हणून केशव महादेव बाळ यांनाही आरोपी केलं होतं. ते सुटले, टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा, असं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७-क आजही सांगतं.

म्हणजे खूण असण्याला माझा सरसकट विरोध नाही. निवडणुकीच्या काळात कोण काय छापतंय हे मतदाराला कळायलाच हवं. पण ही छाप उघड आहे. कायद्याने आलेली आहे, डोळ्यांना दिसते, छापणाऱ्याला माहीत असते, आणि पटली नाही तर तिच्याविरुद्ध भांडता येतं. रोमानियात चाउशेस्कूच्या राजवटीने १९८३ मध्ये टाइपरायटर पोलिसांकडे नोंदवणं आणि त्याच्या अक्षरांचा नमुना जमा करणं बंधनकारक केलं. प्रत्येक यंत्राचं अक्षर किंचित वेगळं उमटतं, त्यावरून पत्रक कोणी टाइप केलं ते शोधता यावं म्हणून. ती जुलमी राजवट होती, यात शंका नाही. पण टाइपरायटरच्या मालकाला निदान माहीत होतं की आपण पोलिस ठाण्यात नमुना दिला आहे. कलर प्रिंटर विकत घेणाऱ्याचा नमुना त्याला न विचारता, प्रत्येक पानागणिक घेतला जातो.

युरोपीय आयोगापुढे २००८ मध्ये हा प्रश्न आला, तेव्हा आयुक्त फ्रांको फ्रातिनी यांनी लेखी उत्तरात मान्य केलं की छापलेल्या मजकुरावरून व्यक्ती ओळखता येत असेल, तर खासगीपणाच्या मूलभूत हक्काचा भंग होऊ शकतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. सरकारला त्यावर मर्यादा घालायची असेल तर आधी कायदा हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आता ठिपके या कसोटीवर धरा. हेतू रास्त आहे. बनावट नोटेसाठी प्रत्येक पानावर खूण, हे प्रमाण मला तरी पटत नाही. आणि पहिल्या अटीचं काय? कंपनीने स्वतःहून छापलेल्या ठिपक्याला कोणत्या कायद्याचा आधार दाखवणार?

ग्राहक म्हणून विचारायचा प्रश्न याहून साधा आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वस्तूबद्दल माहिती मिळण्याचा हक्क आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती ते छापतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी १९७५ पासून वजनमापं, किमती आणि लेबलं यांसाठी लढून आपल्याला ही सवय लावली. मग हजारो रुपयांच्या यंत्राच्या खोक्यावर "हे यंत्र प्रत्येक पानावर ओळखखूण छापते" हे एक वाक्य का नसावं?

रोजच्या वापरात काय लक्षात ठेवायचं

नेहमीच्या कामासाठी काही बदलायची गरज नाही. दाखल्याची झेरॉक्स, मुलांचे प्रकल्प, भाडेकरार यांवर ठिपके असले तरी तुमचं काही बिघडत नाही. जिथे ओळख लपणं खरोखर महत्त्वाचं आहे, तिथे ऑफिसचं यंत्र आणि कलर लेझर दोन्ही टाळावं. फक्त काळं छापणारं साधं यंत्र बरं. आपल्या पानावर ठिपके दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण अलीकडच्या यंत्रांत पिवळ्या ठिपक्यांखेरीज दुसऱ्या पद्धतीनेही खूण लपवलेली असू शकते, असा इशारा इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दिलेला आहे. कोणी विश्वासाने दिलेला कागद जाहीर करायचा असेल, तर त्याचं स्कॅन तसंच टाकू नका, मजकूर नव्याने टाइप करा. पत्रकार आणि माहिती अधिकारात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही सवय लावून घ्यावीच.

आणि ठिपक्यांच्या नादात मोठी गोष्ट विसरू नका. ऑफिसातल्या अनेक मोठ्या छायाप्रत यंत्रांत हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या, स्कॅन केलेल्या पानांच्या प्रती तिच्यात साठून राहू शकतात. अमेरिकेतल्या एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याने घेतलेली यंत्रं डिस्क न पुसता परत केली. रुग्णांची माहिती त्यांत राहिली, आणि २०१३ मध्ये तिला बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. आपल्याकडे दवाखाने, वकिलांची कार्यालयं, पतसंस्था जुनी यंत्रं एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतात. यंत्र दारातून बाहेर जाण्याआधी डिस्क पुसून घ्या आणि पुसल्याचं लेखी मागा.

सोसायटीतलं ते पत्र कोणी लावलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. टाकीचा हिशेब मात्र पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडला गेला. पत्राची एक मूळ प्रत माझ्या फाइलमध्ये आहे, आणि निळा टॉर्चही आता घरात आहे. त्या पानावर मी तो मारलेला नाही.